काँक्रीटच्या रस्त्याखालचं पाणी

काँक्रीटच्या रस्त्याला पाण्याची भीती नाही, असं साइटवर सर्रास बोलतात. वरून वाहणाऱ्या पाण्याची नसेलही. पण सांध्यांतून झिरपलेलं पाणी खाली अडकलं, की प्रत्येक जड गाडीबरोबर स्लॅब किंचित दबतो आणि ते पाणी बारीक माती घेऊन सांध्यातून बाहेर उसळतं. खाली पोकळी होत जाते, शेवटी कोपरा तुटतो.

गोरेगाव पश्चिमेला, खाडीकडच्या एका गल्लीत हा खालचा निचरा करायचं काम माझ्याकडे आलं. कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर म्हणून. कडेनं चर, चरात माती अडवणारं कापड, खडी आणि भोकांचा पाइप. ऐकायला सोपं आहे. मुंबईत अडतं ते पाइपाच्या शेवटच्या टोकाला.

पाइपाला 200 ला 1 असा उतार ठरला होता. गल्ली 80 मीटर, म्हणजे 40 सेंटिमीटर उतार. वरच्या टोकाला चराचा तळ 90 सेंटिमीटरवर धरला, तर खालच्या टोकाला तो 1.30 मीटरवर जाणार. आणि तिथल्या पर्जन्यवाहिनीचा तळच 1.20 वर! म्हणून खोदाई सुरू करण्याआधी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची-खोली मोजायची दुर्बीण, लावून दोन्ही तोंडांच्या चेंबरचे तळ मोजले होते, ते कामी आलं. गल्ली दोन रस्त्यांना जोडणारी होती, दुसऱ्या बाजूची वाहिनीही तेवढीच खोल निघाली. मग उंचवटा मधोमध ठेवून दोन्हीकडे चाळीस-चाळीस मीटर उतार दिला. पाइप वाहिनीच्या तळापासून 10 सेंटिमीटर वर उतरला.

तरी भरतीचा प्रश्न होताच. खाडीचं पाणी चढलं की वाहिनी तुंबते आणि तेच पाणी उलटं आपल्या पाइपात, म्हणजे थेट रस्त्याखाली शिरतं. दोन्ही तोंडांना एका बाजूनंच उघडणारी झडप बसवली. ती मूळ अंदाजपत्रकात नव्हती, मंजुरीला वेळ गेला. पण या गल्लीत झडपेशिवाय हे काम करण्यात काही अर्थ नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोदताना ऐन एप्रिलमध्ये चर ओला लागला. मुकादम म्हणाला, “साहेब, खाडीचं पाणी.” चव खारी नव्हती. क्लोरीनची चाचणी केली, रंग आला. म्हणजे नळाचं पाणी. नकाशात नसलेली एक जुनी जोडणी गळत होती. ती बंद होईपर्यंत चर पुढे नेला नाही, कारण गळती झाकायला निचरा नसतो.

पाइप टाकताना पुन्हा वाद. मुकादमाचं म्हणणं, “भोकं वर पाहिजेत, पाणी वरनं येतं ना?” पाणी येतं वरून, पण खडीत साचतं तळापासून. भोकं खाली असली की पातळी पाइपाच्या तळाशीच तुटते. वर असली, तर निम्मा पाइप बुडेपर्यंत पाणी खडीतच उभं. त्याला बादलीत तुकडा धरून दाखवलं, तेव्हा पटलं.

खडीवर मात्र मी अडून बसलो. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी धूळ 5 टक्क्यांच्या आत हवी होती. एक डम्पर धुळीनं भरलेला आला, तो परत पाठवला. 31 मेच्या आत रस्ता उरकायचा म्हणून सगळ्यांचे चेहरे आंबट झाले.

रहिवाशांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तळमजल्यावरचे एक आजोबा रोज विचारायचे, “रस्ता उंच होणार का? पाणी घरात येईल.” 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेव्हा यांचं कपाट तरंगलं होतं. त्यांना लेव्हलची वही दाखवली. जुना डांबरी थर काढूनच काँक्रीट होणार होतं, उंची तीच राहणार होती. तरी त्यांनी उंबऱ्यापाशी खडूनं खूण केलीच. बरोबर केलं.

काँक्रीट ओतण्याआधी मधल्या उंचवट्यावरच्या चेंबरमध्ये टँकरचं पाणी सोडलं. दोन्ही तोंडांना आधी गढूळ आलं, नंतर नितळ. कापड माती धरून ठेवत होतं. त्या चेंबरचं झाकण ड्रॉइंगवर लाल शाईनं दाखवून दिलंय. पाइप धुवायला तेवढी एकच जागा आहे.