मसाला युनिटचं अनुदान आणि क्रेडिट रिपोर्टमधले 1,140 रुपये

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, म्हणजे सगळे जिला पीएमएफएमई म्हणतात ती. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहा जणींच्या बचत गटाने कांदा-लसूण चटणीच्या युनिटसाठी तिच्यातून अनुदान घेतलं. गटाची सचिव म्हणून सगळी कागदपत्रं माझ्या हातून गेली. ऑनलाइन अर्ज, कृषी विभागाची छाननी, उद्यम नोंदणी (म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), अन्न परवाना यांत फारसा त्रास झाला नाही. बँकेत मात्र प्रकरण साडेचार महिने पडून राहिलं, आणि ते ज्या कारणाने पडलं ते आधी माहीत असतं तर पंधरा दिवसांत सुटलं असतं. म्हणून मुख्यतः त्याबद्दल लिहिते.

आधी हिशोब. यंत्रांसह प्रकल्प 9,00,000 रुपयांचा. स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के, म्हणजे 90,000, दहा जणींचे प्रत्येकी नऊ हजार. उरलेलं 8,10,000 बँकेचं कर्ज. अनुदान पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, म्हणजे 3,15,000. हे पैसे हातात येत नाहीत. बँकेतच वेगळ्या खात्यात तीन वर्षं राहतात आणि कर्ज थकलं नाही, युनिट चालू राहिलं, तर शेवटी कर्जात वळते होतात. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. शेडचं भाडं धरता येतं, पण जास्तीत जास्त तीन वर्षांचं. खेळतं भांडवल, म्हणजे मिरची, खोबरं, लसूण, पाऊच यांचा खर्च, अनुदानात येत नाही. आमच्या पहिल्या प्रकल्प अहवालात मिरचीचे 1,20,000 यंत्रांच्याच तक्त्यात घातले होते. ते काढून पुन्हा मांडणी करावी लागली.

कोल्हापूरचं 'एक जिल्हा एक उत्पादन', म्हणजे योजनेत जिल्ह्यासाठी ठरवलेलं उत्पादन, गूळ आहे, म्हणून मसाल्याला मिळणार नाही असं आम्हाला तिघांनी सांगितलं होतं. मिळतं. आमचं प्रकरण मसाल्याचंच होतं आणि मंजूर झालं.

अर्ज जिल्हा संसाधन व्यक्तीकडून, म्हणजे योजनेने मदतीसाठी नेमलेल्या माणसाकडून, भरून घ्यावा. अर्जाला फी नाही आणि त्या माणसालाही आपण काही द्यायचं नसतं. मंजूर कर्जामागे त्याला योजनेतूनच 20,000 रुपये मिळतात. कुणी 'फाइलचा खर्च' मागितला तर द्यायचा नाही.

आता बँक. डिसेंबर 2024 मध्ये प्रकरण शाखेत गेलं. पोर्टलवर स्थिती 'बँकेकडे प्रलंबित'. शाखेत विचारलं की उत्तर एकच, "वर पाठवलंय." जानेवारी संपला, फेब्रुवारी संपला. मिरचीचा बाजार फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात असतो आणि वर्षाची चटणी लोक पावसाआधी करून घेतात. डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, मार्चमध्ये बसला असता तर पहिला हंगाम मिळाला असता. तो गेला, आणि याची चीड मला अजून आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कारण कळलं, तेही तोंडी: दोन सभासदांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, थकबाकी. बचत गटांचं प्रकरण नेमकं इथे अडकतं, म्हणून नीट सांगते. गटाने स्वतःचं कर्ज कधी थकवलेलं नसतं. पण सभासदांनी कधी ना कधी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेलं असतं. ती नोंद प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीच्या (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या) अहवालात सारखी येत नाही. मोबाइलवर सिबिलचा स्कोअर चांगला दिसला म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आणि शाखेने काढलेल्या मायक्रोफायनान्सच्या अहवालात वेगळंच होतं. देशात अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा. अर्ज करायच्या आधी, सगळ्या सभासदांचे. ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल तर आधी नंबर बदलून घ्या, आमच्याकडे चौघींचा हाच घोळ होता.

पहिल्या ताईंच्या अहवालात कर्ज 'चालू' दिसत होतं, बाकी रक्कम 1,140 रुपये आणि थकीत दिवस दोनशेच्या वर. कर्ज दीड वर्षापूर्वी फिटलेलं. शेवटचा हप्ता वसुलीवाल्याने रोख घेतला, पावती दिली, कार्डावर सही केली, पण कंपनीच्या हिशोबात तो चढलाच नाही. पिवळं पडलेलं ते हप्त्यांचं कार्ड ताईंनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं. चोवीस चौकोन, चोवीस सह्या. त्या कार्डामुळेच काम झालं. म्हणून कर्ज फिटलं तरी कार्ड फेकू नका, आणि फिटल्या दिवशीच 'नो ड्यूज'चं पत्र मागा. तोंडी "झालं की तुमचं" वर विश्वास ठेवून बायका घरी येतात.

दुसऱ्या ताईंच्या नावावर दिसणारं कर्ज त्यांचं नव्हतंच. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच आणि जन्मतारीख 1 जानेवारी. आपल्याकडे जन्मदाखला नसलेल्या कितीतरी बायकांच्या आधारवर 1 जानेवारी हीच तारीख पडलेली आहे. नाव आणि तारीख जुळली की दोन बायकांच्या नोंदी एकमेकींत मिसळतात. अशा वेळी तक्रारीत 'हे कर्ज माझं नाही' असा प्रकार निवडायचा आणि आधार, पॅन, रेशनकार्ड जोडायचं. रक्कम चुकीची आहे असं लिहिलंत तर कर्ज आपलंच असल्याचं मान्य केल्यासारखं होतं. आम्ही पहिल्यांदा तीच चूक केली आणि त्यात बारा दिवस गेले.

तक्रार क्रेडिट माहिती कंपनीच्या साइटवर फुकट होते. निकाल 30 दिवसांत लागायला हवा, त्यातले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला दुरुस्त माहिती पाठवायला. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज देणाऱ्या संस्थांनी जानेवारी 2025 पासून किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, म्हणून दुरुस्ती आता पूर्वीपेक्षा लवकर दिसते. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मायक्रोफायनान्स कंपनीच्या तालुक्यातल्या ऑफिसात नुसत्या चकरा मारू नका, तिथल्या मुलाच्या हातात काही नसतं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, कार्डाचा फोटो जोडा.

आणि जे मला मार्चमध्ये कळलं, ते डिसेंबरमध्ये माहीत हवं होतं: दोन सभासदांची थकबाकी असली तरी गटाचं कर्ज अडवायचं कारण नव्हतं. बचत गटांच्या कर्जांबद्दल रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सांगतं की काही सभासद किंवा त्यांच्या घरातले त्याच बँकेचे थकबाकीदार असले तरी, गट स्वतः थकबाकीत नसेल तर सर्वसाधारणपणे गटाचं कर्ज अडू नये. फक्त त्या पैशातून थकबाकीदार सभासदाला कर्ज द्यायचं नाही. आमच्या त्या दोन सभासदांचा प्रश्न तर दुसऱ्याच कंपनीकडचा होता. तसंच 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही. आमच्याकडे 'दोन जामीनदार आणा' असंही सांगितलं गेलं होतं. परिपत्रकाची प्रत ठेवल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणून सगळं लेखी मागा. प्रकरण दिलं की पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर 14 कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायचं असतं. आम्ही गटाच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र दिलं: प्रकरण कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे आणि कोणत्या कारणाने, ते लेखी कळवावं. प्रत अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) जिल्हा व्यवस्थापकांना. सहाव्या दिवशी फोन आला. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट जाता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

या सगळ्यात दरपत्रकांची मुदत संपली. पुरवठादार तीस दिवसांचीच देतात. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, 7,500 रुपयांनी महागला आणि तो फरक आम्ही खिशातून घातला. दरपत्रक घेतानाच नव्वद दिवसांची मुदत लिहून मागा.

आधी सांगायचं राहिलं. प्रोसिडिंग बुकातल्या ठरावावर आणि बँकेच्या खात्यावर सहीवाल्या सारख्याच हव्यात. अध्यक्ष बदलल्या असतील तर आधी खात्याची केवायसी. गटाचं पॅन लागतं. सहकारी संस्था असाल तर उपविधीत कर्जमर्यादा किती आहे ते बघा. ती अपुरी असेल आणि 30 सप्टेंबरच्या आतल्या सर्वसाधारण सभेत विषय घेतला नसेल, तर विशेष सभा बोलवावी लागते. याच योजनेतलं बीज भांडवल, म्हणजे गटाला खेळत्या भांडवलासाठी मिळणारे पैसे, वेगळं असतं, सभासदामागे 40,000 रुपये. ग्रामीण भागात ते 'उमेद'मार्फत, म्हणजे बचत गटांच्या राज्य अभियानामार्फत, येतं, त्याला बँकेचा संबंध नाही. ते यंत्रांच्या कर्जासाठी थांबवून ठेवू नका, मिरची त्यातूनच घ्या.

कर्ज एप्रिलच्या शेवटी सुटलं, रक्कम थेट यंत्रवाल्याच्या खात्यात गेली. पण इथेही लक्ष ठेवा. पहिला हप्ता दिल्यावर अनुदानाची मागणी पोर्टलवर शाखेनेच टाकायची असते. अनुदान जमा झालं की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि मागणीच टाकली नाही तर पूर्ण 8,10,000 वर लागत राहतं. 10 टक्के दर धरला तर 3,15,000 वर महिन्याला 2,625 रुपये. आमच्या शाखेने मागणी टाकायला सात आठवडे लावले. आता मी दर महिन्याच्या 5 तारखेला खातेउतारा काढते आणि व्याज किती रकमेवर लावलंय ते स्वतः मोजते.