जेझेरो विवराचा नकाशा काढताना

पहिल्या पंधरा दिवसांत काढलेल्या बहुतेक रेषा मला पुसाव्या लागल्या. मंगळावरच्या जेझेरो विवराचा भूशास्त्रीय नकाशा काढायला मी बसले होते आणि विवराच्या तळाला 'लाव्हा' असं नाव देऊन मोकळी झाले होते. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "तुला लाव्हा दिसतोय, की गडद, खडबडीत, खड्डे पडलेला तळ दिसतोय?"

दिसतं ते आधी लिहायचं, त्याचा अर्थ वेगळ्या रकान्यात. मला हे पटायला वेळ लागला. पण नावातच निष्कर्ष घातला की पुरावा शोधायची गरजच वाटत नाही, आणि कक्षेतून घेतलेल्या चित्रांत खडक फोडून बघता येत नाही. म्हणूनच या विवरात उतरलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरचे निष्कर्ष नकाशा पुरा होईपर्यंत उघडायचे नाहीत, असंही ठरलं.

हाताशी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याची चित्रं होती, एका पिक्सेलला सुमारे ६ मीटर. जोडीला 'मोला' (MOLA) या यानावरच्या उपकरणाने लेसरने मोजलेल्या उंच्या. त्या हव्यातच, कारण ऊन कोणत्या बाजूने पडलंय हे विसरलं की खड्डे टेकड्यांसारखे दिसतात.

मग आलं ते माझं सर्वांत आवडतं काम: आधी काय, नंतर काय. सुमारे ४५ किलोमीटर रुंदीचं विवर आधीचं. त्याचा काठ पश्चिमेकडच्या दरीने कापलाय, म्हणजे पाणी नंतर आलं. दरीच्या तोंडाशी गाळाचा त्रिभुज प्रदेश पसरलाय, आणि त्यावर पडलेली छोटी विवरं त्याहून नवी. पूर्वेच्या काठाला बाहेर जाणारी खिंड दिसली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले. पाणी नुसतं साचलं नव्हतं, खिंडीच्या उंचीपर्यंत चढून बाहेर वाहिलं होतं. सरोवराची पातळी सांगणारी खूण तिथे आजही आहे!

उल्का आदळून पडलेली विवरं जितकी जास्त, तितका पृष्ठभाग जुना. वय काढण्यासाठी ती मोजताना मात्र चुकले. घोळक्याने, रांगेने पडलेली विवरंही धरली. ती मोठ्या आघातातून उडालेल्या दगडांची, दुय्यम. ती धरली की पृष्ठभाग आहे त्याहून जुना ठरतो. ती वगळून पुन्हा मोजणी केली.

शेवटी रोव्हरचे निष्कर्ष उघडले. तळाचे खडक अग्निजन्यच निघाले. माझ्या नकाशात त्या भागाचं नाव अजूनही 'गडद खडबडीत तळ' आहे. शेजारच्या रकान्यात 'अग्निजन्य', आणि त्यापुढे आधार: रोव्हरने तपासलेले खडक.