ढिंगरी, काळा मसाला आणि आमचं लेबल: आमची वाटचाल

२०१८ च्या दिवाळीनंतर अमळनेरजवळ आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ४० बेड (म्हणजे काड भरलेल्या पिशव्या) टांगून आम्ही दोघांनी ढिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम सुरू केलं. गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशवीत थरावर थर स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, टाकत भरायचं, एवढंच शिकलो होतो. पण पहिल्या लॉटला काड नीट निथळलं नव्हतं, आठवडाभरात पांढऱ्या जाळ्यात हिरवे ठिपके दिसले आणि २६ बेड शेतात नेऊन पुरावे लागले. तयार मशरूम मीच विकत घेईन असं ज्यानं सांगितलं होतं त्याचा फोन लागेना, मग उरलेला माल टोपलीत घेऊन मीच बाजारात बसले. एक आजी हातात घेऊन म्हणाली, "हाई काय शे व माय?" भाजी कशी करायची ते सांगितलं, पाव किलो घेऊन गेली, ती आमची पहिली गिऱ्हाईक.

धंदा जरा चालायला लागल्यावर वाळवलेल्या ढिंगरीचं पाकीट काढलं, १० किलो ताज्याचं जेमतेम किलोभर होतं. लेबल करणारा म्हणाला ताई, 'कॅन्सर, शुगरवर रामबाण' टाका, खपतं. आम्ही टाकलं. पंधरा दिवसांनी एक भाऊ आला, आईची किमो चालू होती, विचारत होता रोज किती ग्रॅम देऊ आणि गोळ्या बंद केल्या तर चालेल का. माझे हातपायच गळाले. गोळ्या अजिबात बंद करू नका, डॉक्टरांना विचारा म्हटलं आणि त्याच संध्याकाळी उरलेली सगळी लेबलं फाडली.

मग बसून वाचलं, तज्ज्ञांना विचारलं. मशरूममध्ये एर्गोथायोनीन नावाचं अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखायला मदत करणारं द्रव्य, असतं, ते आपलं शरीर बनवत नाही, बुरशी आणि काही जिवाणू बनवतात, आणि गंमत म्हणजे ते पेशीत ओढून घेणारं खास प्रोटीन आपल्या शरीरात आहे, ते २००५ साली सापडलं. साध्या पांढऱ्या बटन मशरूमपेक्षा ढिंगरीत ते जास्त असतं. शिजवल्यावर सहसा नष्ट होत नाही पण पाण्यात उतरतं, म्हणून उकळून पाणी फेकू नका असं मी प्रत्येकाला सांगते. पण लॅबमध्ये अँटिऑक्सिडंट गुण दिसला म्हणजे माणसाचा आजार बरा झाला असं नाही ना, ते वेगळं सिद्ध व्हावं लागतं. आता पाकिटावर फक्त 'पौष्टिक भाजी' आणि करायची पद्धत आहे. खप थोडा कमी झाला, चालेल.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४३-४४ ला जातो, ढिंगरीला साधारण २० ते ३० डिग्री लागतं, त्यामुळे मार्चनंतर ती बंद आणि दुधी अळिंबी (मिल्की मशरूम) चालू, तिला ऊब चालते, तरी गोणपाट दिवसातून चार वेळा ओलं करावंच लागतं.

तो भाऊ अजून दर गुरुवारी पाव किलो नेतो. आईंनी निरोप पाठवला होता, सुटलेल्या पाण्यातच काळा मसाला घालते, भाकरीबरोबर छान लागते म्हणून.