पेशंट बघायचं का सोडलंत? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, शालिमारच्या आयएमए हॉलमध्ये, गंगापूर रोडला सकाळी चालताना, सगळीकडे एकच प्रश्न. "मॅडम, हाताला एवढा गुण होता तुमच्या, पेशंट बघायचं सोडून हॉस्पिटलच्या सीईओ कशाला झालात?" जुने पेशंट हळहळून विचारतात, बॅचमेट जरा वेगळ्या सुरात. आजवर काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परवा एका जुन्या पेशंटची सून तोंडावर म्हणाली, "तिकडे पैसा जास्त असेल ना." तेव्हा ठरवलं, एकदा सगळं लिहूनच टाकायचं.

पैशाचं आधी. चालती ओपीडी असलेला फिजिशियन नाशकात माझ्या पगारापेक्षा जास्त कमावतो. बॅचमेटना हे पक्कं ठाऊक आहे आणि तरी असा विषय निघाला की ते गप्प बसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता कारण. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातून फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले पेशंट आमच्याकडे येतात. त्यांना ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचं इंजेक्शन, किती लागतं हे ज्याने त्यांच्या उशाशी रात्र काढली त्यालाच कळतं. छातीतला घरघराट थांबेपर्यंत अँप्यूलमागून अँप्यूल फोडत राहायचं. अशाच एका तरण्या पोराच्या वेळी मध्यरात्रीनंतर आमचा साठा संपला. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर, आणि वॉर्डबॉय मोटारसायकलवर निघाले, मेडिकलवाल्यांना झोपेतून उठवून मिळेल तिथून ॲट्रोपिन आणलं. पोरगा वाचला. सकाळी मी फार्मसीत जाऊन विचारलं, साठा एवढाच का ठेवता? तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर एक आकडा दाखवला. अँप्यूल त्या आकड्याखाली गेले की नवीन ऑर्डर जाते. कधीतरी कुणीतरी महिन्याचा खप बघून तो घातला होता. घालणाऱ्याने असा पेशंट जन्मात पाहिला नसणार, आणि मी पाहिलेला असून तो आकडा बदलायचा अधिकार मला नव्हता. पुढे ट्रस्टींनी सीईओ होता का विचारलं तेव्हा मी हो म्हटलं ते या आकड्यापायी. तो आकडा म्हणजेसुद्धा उपचार आहे, असं मी तेव्हा मानत होते. आजही मानते.

पण तुम्ही विचारता तेव्हा मला आठवते ती दुसरीच रात्र.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या २१ एप्रिल २०२१ बद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि २२ रुग्ण गेले. बातमी आली तेव्हा आमच्याकडेही एक खाट रिकामी नव्हती आणि आमचा टँकर कुठे अडकलाय हे सप्लायरलाही सांगता येत नव्हतं. हाय फ्लोवरचा, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवरचा, एक पेशंट मिनिटाला साठ लिटरपर्यंत ऑक्सिजन घेतो. जंबो सिलिंडरमध्ये असतो साधारण सात हजार लिटर. म्हणजे एकट्या माणसाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. टाकीतलं आणि मॅनिफोल्डवरचं, म्हणजे लाइनला जोडलेल्या सिलिंडरांतलं, धरून सकाळ निघेल की नाही, याची खात्री नव्हती.

संध्याकाळी आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर आणि बायोमेडिकलचा इंजिनिअर यांना घेऊन मी खाटेखाटेशी गेले. ज्यांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९७-९८ टक्के होतं त्यांचा फ्लो कमी करून ९२ ते ९४ च्या मध्ये आणायचं. वैद्यकीयदृष्ट्या तेवढं पुरतं, तशा सूचनाही होत्या. ज्यांना जमेल त्यांना पालथं झोपवायचं. कोण कधी जेवतंय, कुणाचा मास्क उगाच चालू राहिलाय, सगळं बघायचं.

खिडकीजवळ पिंपळगावकडचे एक आजोबा होते. त्यांचा मुलगा पीपीई किट घालून उशाशी बसलेला. त्या लाटेत आम्हीच नातेवाइकांना आत घेत होतो, पाणी पाजायलासुद्धा माणसं पुरत नव्हती. मॉनिटरवर ९८ होतं. मी नॉब फिरवला. ९७, ९६, ९५. मुलगा उठून उभा राहिला.

"मॅडम, कमी का करताय?"

"दादा, बाबांना एवढ्याची गरज नाहीये. ९३ पुरे होतं."

"मग काल का नव्हतं पुरे?"

मी खरं ते सांगितलं. ऑक्सिजन सगळ्यांना सकाळपर्यंत पुरवायचाय, आणि याने बाबांना धोका नाही. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे डॉक्टर म्हणून सांगताय का हॉस्पिटलवाल्या म्हणून?"

दोन्ही म्हणून, असं मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही. खरं तर ते उत्तर बरोबर होतं, पण त्याने जे विचारलं होतं त्याचं ते नव्हतं.

टँकर पहाटे आला. त्या रात्री आमच्याकडे ऑक्सिजनवाचून कुणी गेलं नाही. आजोबा पुढच्या आठवड्यात गेले. फुप्फुसं आधीच पार निकामी झाली होती. त्या नॉबचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध नाही, हे मी कुठल्याही समितीसमोर सांगेन. मुलाने मात्र मला काही विचारलंच नाही. कागदांवर सह्या केल्या आणि अमरधामला गेला. त्याने भांडण केलं असतं तर मी निदान बोलू शकले असते.

   

कन्सल्टंट असतानाची मी त्या आयसीयूत असते तर ओरडले असते, "माझ्या पेशंटचा फ्लो कुणी कमी केला?" ऑफिसात जाऊन टेबलावर फाइल आपटली असती. तिचं चुकलं असतं असं मला म्हणवत नाही. प्रत्येक पेशंटला एक तरी डॉक्टर असा हवा, जो त्या घटकेला फक्त त्याचाच असतो. मी तशी उरलेली नाही. मी तिला विचारते, मग त्या रात्री टाकी कुणी मोजली असती? ती म्हणते, इंजिनिअर होता की. मी म्हणते, इंजिनिअरने कुणाचं सॅच्युरेशन किती खाली आणलेलं चालेल हे ठरवलं असतं का? यावर ती गप्प बसते, पण पटलंय म्हणून नाही.

आणि हातचं जातं, हेही खरं. आठवड्यातून एक सकाळ मी अजून ओपीडी करते. मध्यंतरी एका बाईंच्या छातीला स्टेथो लावला, मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, आहे असं वाटलं, पण खात्री होईना. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. पूर्वी इको करायला सांगितला असता तोही माझं निदान पक्कं करायला. बाईंनी विश्वासाने मान हलवली, ते मला जड गेलं.

सध्या आमच्याकडे सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी चालू आहे. २७ ऑगस्ट २००३ च्या पर्वणीला चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, ते इथल्या कुठल्याच हॉस्पिटलला विसरता येणार नाही. २०२७ च्या पर्वण्यांना किती खाटा रिकाम्या ठेवायच्या, रस्ते बंद असताना सिस्टर ड्युटीवर कशा पोचणार, रक्त कुठून येणार, याच्या याद्या करते आहे. खाटा रिकाम्या ठेवायच्या तर ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतील. ज्यांची ढकलू त्यांना दुखतच असणार, आणि कदाचित त्या खाटांवर कुणी येणारही नाही. त्या लोकांना फोन मी स्वतः करणार आहे, बिलिंग काउंटरवरच्या पोरीला करायला लावणार नाही. त्यांच्यापैकी कुणीतरी तोच प्रश्न विचारेल, डॉक्टर म्हणून सांगताय का हॉस्पिटलवाल्या म्हणून. या वेळी काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.