बोललो ना बाप्पा, माइकवर!

आज नागपुरात, शंकरनगरच्या धनवटे सभागृहात मावशीच्या सत्कारात चक्क भाषण ठोकलं. नाव पुकारलं तेव्हा तोंडाला कोरड, अन् हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड स्पीकरवर ऐकू येत होती! अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिन वाढून छाती धडधडते, श्वास सावकाश सोडला की जरा निवते, हे वाचलेलं होतं. ऐनवेळी आठवेल तर शपथ! पहिल्या रांगेतून मावशीच म्हणाली, "ठेव तो कागद. घरी सांगतोस तसं सांग."

ठेवला. मग तिच्या सांबारवडीचा किस्सा निघाला आणि सभागृह हसलं. (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर; पुण्याच्या पाहुण्यांना किती कळलं, देव जाणे.) पाय मात्र खाली उतरल्यावरही लटपटतच होते.

आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर बोलणार आहे. सेक्रेटरीसाहेब, तयारीत राहा!