अर्धी गच्ची सावलीत, अर्धी उन्हात

मे महिन्यात नागपूरकराच्या वाट्याला दिवसाची फक्त दोन टोकं येतात, पहाटे पाच ते आठ आणि रात्री सातच्या पुढं. मधला सगळा दिवस कूलरसमोर लोळण्यात जातो आणि त्याची कोणाला लाजबिज वाटत नाही. मी शाळेत मास्तर. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्राची पोरं दप्तर घेऊन निघतात तेव्हा आमची अजून आंबे चोखून राहिलेली असतात. यंदा बायको पोरीला घेऊन माहेरी गेली, घरी मी आणि आई, कुठं जायचं नाही असं आधीच ठरलेलं, म्हणून म्हटलं हा महिना गच्चीवरच्या झाडांना द्यावा.

पण गच्चीवर आईचा दावा माझ्या आधीपासूनचा आहे. वाळवणाचा.

मला सावली पाहिजे आणि तिला ऊन, भांडण एवढंच. मी बाजारातून ग्रीन नेट आणायला गेलो तर दुकानदार म्हणे ५० ची देऊ का ७५ ची, म्हणजे किती टक्के ऊन अडवायचं ते. मी ५० ची घेतली कारण ती स्वस्त होती. चार बांबू लावून ताणली, खाली कुंड्या सरकवल्या, गुलाब, गोडलिंब, कढीपत्ता (एकच आहेत हो, पुणेकरांसाठी सांगितलं), आणि एका पेटीत सांबार, म्हणजे परत पुणेकरांसाठी, कोथिंबीर. दुपारी आई वर आली, बघते तर जाळीची सावली हळूहळू सरकत तिच्या पापडांवर गेलेली. "तुझं जंगल तिकडं घे रे, माह्या पापडावर काऊन सावली पाडून राहिला?" मग बांबू उपटले, दोन हात मागं घेतले, आणि मधे विटांची एक ओळ लावली. विटांच्या अल्याड सावली, पल्याड ऊन. मोगरा तेवढा आईच्या हद्दीत ठेवला, त्याला ऊन मानवते, मे महिन्यात गुलाब तोंड पाडून उभा असतो आणि हा रोज ओंजळभर फुलं देतो. त्या आठवड्यातल्या पापडांना मोगऱ्याचा वास येते असं माझं मत आहे, आई म्हणते नाकाचा डॉक्टर पाहा.

झाडांच्या बाबतीत दोन गोष्टी मी चुका करून शिकलो. एक म्हणजे पाइप. गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहाचं असते, नळ सोडला की पहिलं बादलीभर बाजूला काढायचं, मी ते एका जास्वंदीला डायरेक्ट पाजलं आणि बिचारी दुसऱ्या दिवशी खाली मान. दुसरी म्हणजे कूलर. टाकीत उरलेलं पाणी फेकायचं कशाला म्हणून आठवडाभर कुंड्यांना घातलं, पाण्याची बचत वगैरे, तर पानांची टोकं करपली. नंतर डोक्यात उजेड पडला, कूलरमधून पाणी उडून जाते पण त्यातला क्षार कुठं जाते, तो टाकीतच राहते आणि रोज घट्ट होत जाते. कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर, पांढरं पापुद्रं येते ते काय उगीच येते का. आता ते पाणी अंगणात शिंपडतो.

कुरडयांचा दिवस मात्र सांगायलाच पाहिजे. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदलायचं काम माझ्याकडं, आणि ते आंबूस पाणी फेकायचं नाही, गोडलिंबाला. त्याचा वास खालच्या भाडेकरूपर्यंत गेला. चौथ्या दिवशी वाटून, कपड्यातून पिळून चीक काढला, रात्रभर निवळायला ठेवला. पहाटे चारला आईनं उठवलं. वरचं पिवळं पाणी इतक्या हळू ओतायचं की खालचा पांढरा थर हलला नाही पाहिजे, आणि तो थर बोट लावलं तर दगडासारखा, बोट काढलं तर परत वाहते, मी चार वेळा तेच करून पाहिलं तर आई म्हणे खेळून राहिला का. जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ, हिंग, पाण्याला उकळी आली की चीक सोडायचा आणि हाटत राहायचं. पाच मिनिटात दंड भरून येतो. पांढरा रंग जाऊन तो चकचकीत झाला, भांड्याच्या कडा सोडायला लागला, की झालं. सोऱ्यात गरमच भरायचा, थंडा झाला की दाबल्या जात नाही. आई गच्चीवर जुन्या साडीवर बसून कुरडया घालत गेली, मी वर-खाली पातेलं पोचवत राहिलो, साडेसहाला तिचा शेवटचा वेढा पडला तेव्हा सूर्य शेजारच्या टाकीवर आलेला होता. उरलेला चीक वाटीत, वर दूध-साखर. बायकोला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं नाही दिवसभर, म्हणजे लागलं असेल मनाला.

संध्याकाळी कधी फुटाळा तलावावर, कधी तेलंगखेडीच्या हनुमानाला, एवढंच फिरणं. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर तापमानाची चर्चा, आमच्याकडं ती क्रिकेटच्या स्कोअरसारखी चालते. एक जण म्हणते काल ४५, दुसरा म्हणते हे काहीच नाही, २०१३ च्या मे मधे ४७.९ गेलं होतं. तिसऱ्याला २०२४ आठवते, तेव्हा एका मशीननं ५६ दाखवलं होतं, मग सेन्सर बिघडला होता असं निघालं. पण ठेल्यावर अजूनही निम्म्या लोकांचं म्हणणं आहे की मशीन बरोबर होतं.

एकदाच लांब गेलो, रामटेकला, पन्नासेक किलोमीटर. आईची फर्माईश. साडेपाचला निघालो, गडावर दर्शन आटोपलं, तरी नऊला फरशी अशी तापली की लोकं सावलीचे पट्टे पाहून उड्या मारत होते, आईसुद्धा. एका माकडानं आमची केळी नेली. कालिदासाचा यक्ष म्हणे इथंच शिक्षा भोगत होता आणि आषाढात ढग दिसला तर त्याच्याशीच बोलायला लागला. मला त्यात काही नवल वाटत नाही, रामटेकला अख्खा जेठ काढल्यावर कोणीही ढगाशी बोलेल.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वावधन आलं. आधी धूळ, मग पत्रे वाजायला लागले. आम्ही दोघं वर धावलो, तोवर नेट बांबूसकट विटांची हद्द ओलांडून आईच्या मुंगवड्यांवर. अंधारात, डोळ्यात माती, मी जाळी ओढतो आणि आई ओरडते ओढू नको, खाली वड्या आहेत. चार थेंब पडले आणि थांबलं, हमेशासारखं. अर्ध्या वड्या कुंड्यांमधे सापडल्या.

सकाळी मी फाटलेली नेट घेऊन बसलो, शिवता येते का पाहत. आई कैची घेऊन आली आणि तिनं सरळ एक मोठा तुकडा कापून घेतला. म्हटलं काय करते. तर तिनं तो उरलेल्या वड्यांवर पसरला, चारी कोपऱ्यांवर माझ्या विटा ठेवल्या. कबुतरं येत नाहीत म्हणे.

"अवं पण ऊन अडते न त्यानं."

"५० ची आणली न तू? मंग. इथलं अर्धं ऊनही पुरते."