तुम्ही विचारलंत म्हणून: हॉवर्डच का?

"अमेरिकेत एवढी विद्यापीठं असताना तू काळ्यांच्याच विद्यापीठात का गेलीस?" औरंगाबादला घरी आले की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, दुसरा: "तिथे सुरक्षित असतं ना गं?" दुसऱ्याचं उत्तर आधी देते. हो, असतं. बॉस्टनला गेलेल्या माझ्या मैत्रिणींना हे कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात इतिहासात एम.ए. केलं. हॉवर्ड १८६७चं. गुलामगिरी घटनेने संपवली गेली त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी १९६४ पूर्वी निघालेल्या अशा शंभरेक संस्था आजही चालू आहेत आणि त्यांत प्रवेश कुणालाही मिळतो.

मला तिथे नेलं ते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या माणसाच्या कामाने. १९२९ साली हॉवर्डच्या लॉ स्कूलची सूत्रं त्यांच्या हाती आली. संध्याकाळी भरणारं ते कॉलेज त्यांनी पूर्णवेळ केलं आणि वंशभेदाचे कायदे कोर्टात पाडू शकतील असे वकील घडवायला घेतले. त्यांचा विद्यार्थी थरगुड मार्शल बाल्टिमोरचा. घराजवळचं मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल कृष्णवर्णीयांना घेत नव्हतं, म्हणून तो हॉवर्डला आला. १९३३ला पदवी घेतली आणि दोनच वर्षांत गुरूसोबत खटला लढवून त्याच मेरीलँडचं दार एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी उघडायला लावलं. पुढे १९५४मध्ये शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरला तो खटलाही त्यानेच लढवला. असे वकील जिथे तयार झाले तिथे बसून मला इतिहास वाचायचा होता. शिवाय मूरलँड-स्पिंगार्न हे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं थोर संशोधन केंद्र हॉवर्डमध्येच आहे. माझ्या विषयाला याहून चांगली जागा मला दिसली नाही.

माझ्या बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ते मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, आमच्या घरातले पहिले पदवीधर. बाबासाहेबांनी १९५०मध्ये औरंगाबादला कॉलेज का काढलं हे ज्याला कळतं, त्याला हॉवर्डही कळतं. बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथले कृष्णवर्णीय आपल्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करत होते त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. हे ड्यू बॉइसही अशाच एका संस्थेचे, नॅशव्हिलच्या फिस्कचे पदवीधर. अर्थात जात आणि वंश एकच नव्हेत. हॉवर्डमध्ये मी पाहुणी होते आणि बोलण्यापेक्षा ऐकणं माझं काम होतं.

पैशाचंही सांगते. गडगंज ठेवी असलेली विद्यापीठं देतात तशी शिष्यवृत्ती इथे सहसा मिळत नाही. मुलीला पाठवणार असाल तर शिष्यवृत्तीची ऑफर हातात पडल्याशिवाय आणि वर्षाचा पूर्ण खर्च कागदावर मांडल्याशिवाय होकार कळवू नका.

आणि हॉवर्ड म्हणजेच सगळं, असंही नाही. तुमच्या मुलीला फार्मसी करायची असेल तर न्यू ऑर्लिन्सचं झेवियर बघा. इंजिनिअरिंग असेल तर ग्रीन्सबरोचं नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी. १९६०मध्ये फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर निषेध म्हणून जाऊन बसलेली चार कृष्णवर्णीय मुलं याच कॉलेजची. केवळ मुलींचं हवं असेल तर अटलांटाचं स्पेलमन. तिला काय शिकायचंय ते आधी विचारा, मग मला फोन करा.